दीपगृहाच्या अंकातली चूक

४ मार्च

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! रद्दीवाल्याने निरोप पाठवला होता, एका म्हाताऱ्या शिंपिणीच्या घरचा गठ्ठा आलाय म्हणून. विणकामाची मासिकं असतील अशा समजुतीने गेलो. सुतळी सोडली, तर मधोमध 'दीपगृह' चित्रकथेचा अंक. मी तिथेच पोत्यावर बसलो. रद्दीवाला म्हणाला, "काय झालं साहेब, पाणी देऊ का?" मी म्हटलं, "नको, गठ्ठा बांध." चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. जुन्या कॉमिकच्या धंद्यात चेहरा दगडाचा लागतो.

दुकानाच्या माडीवर प्रदर्शन भरवायचं ठरवलं तेव्हा ही वही घेतली. पुढेमागे कोणी वाचली तर त्याला कळावं म्हणून लिहितो. एके काळी सिनेमा लागायच्या आधी त्याची चित्रकथा बाजारात यायची. कंपनीचा फोटोवाला शूटिंगचे फोटो काढून पाकीट पाठवायचा आणि त्यावरून चित्रकार नटनट्यांचे चेहरे हुबेहूब उतरवायचा. पोरं शाळेच्या दप्तरात लपवून वाचायची. दीपगृहाचा सिनेमा मात्र कधी लागलाच नाही. नायक दीपगृहाच्या सज्ज्याला दोराने लोंबकळतो तो शेवटचा प्रसंग चालू असताना दोर खरंच सुटला, आणि तो देखणा नट खाली खडकांवर पडून गेला. कंपनीने बातमी काही दिवस दाबून ठेवली, तोवर त्या दिवसाचे फोटो नेहमीप्रमाणे चित्रकाराकडे पोचले होते, शेवटचं पान काढून झालं होतं आणि अंक छापूनही झाला होता. मग नायिकेने हट्टच धरला म्हणून प्रकाशकाने सगळे अंक परत मागवून लगद्याला पाठवले. बिचारीला ते बघवत नसणार. वाटेत निसटल्या तेवढ्याच प्रती उरल्या.

आणि तो चित्रकार म्हणजे माझा सख्खा मामा. आता बोला!

५ मार्च

रात्रभर झोप नाही. सकाळी भिंग घेऊन अंक पाहिला आणि शेवटच्या पानावर घबाड सापडलं. नायक लोंबकळतोय त्या चौकटीत, वर कठड्यापाशी, एक बाई वाकून दोराच्या गाठीला हात घालते आहे. चेहरा इवलासा, पण नायिकाच. आणि गोष्टीत ती त्याच वेळी खाली तळघरात कोंडलेली आहे! म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी. संग्राहकाला अंकातली चूक म्हणजे पर्वणी. बिनचुकीच्या अंकाकडे कोण बघतो?

हिला दाखवलं. ही म्हणजे आमची सौभाग्यवती, इस्पितळात नर्स, आणि प्रत्येक गोष्टीचा ताप मोजायची सवय. तिने चौकट बराच वेळ पाहिली. म्हणाली, "अहो, ही गाठ बांधतेय की सोडतेय?"

मी म्हटलं, "चित्र आहे ते. ना बांधतेय ना सोडतेय."

७ मार्च

मामाकडे गेलो. त्याच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि ते काचेचं टेबल. खाली बल्ब लावायचा, काचेवर फोटो, फोटोवर कागद, की रेघा उचलायच्या. मामाचा हात अचूक, पण डोकं चालवायचं नाही अशी जणू शपथच घेतलेली. फोटोत दिसेल ते काढायचं. एकदा त्याने राजाच्या मनगटावर घड्याळ काढलं. संपादकाने कपाळाला हात लावला. मामा म्हणाला, "होतं त्याच्या हातात." बस्स.

अंक पाहून तो खूश होईल असं वाटलं होतं. त्याने थेट शेवटचं पान उघडलं आणि मिटलं.

"चूक नाही ती," म्हणाला. "फोटोत बाई होती. मी काढली."

"पण मामा, ती तळघरात कोंडलेली आहे ना?"

"गोष्टीत असेल. फोटोत वर होती." मग म्हणाला, "भाच्या, हे कोणाला दाखवू नकोस."

म्हातारपणी चूक दाखवलेली कोणाला आवडते? मी समजून घेतलं. मला माणसं कळतात.

वडील गेल्यावर मला या माणसाने वाढवलं. शेकडो अंक काढले, पण मुखपृष्ठावर नाव नटाचं, आत नाव प्रकाशकाचं. याचं नाव कधी मुंगीएवढ्या अक्षरातही छापलं नाही. प्रदर्शनात एक अख्खी भिंत मामाची करणार आहे, त्याचं नाव हातभर उंच अक्षरांत. तो हयात असताना हे व्हायला हवं. नंतर भिंती सजवून काय उपयोग?

९ मार्च

संग्राहकांच्या ग्रुपवर त्या चौकटीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "ओळखा पाहू, नायिका एकाच वेळी तळघरात आणि सज्ज्यावर कशी?" हसण्याचा नुसता पाऊस. फक्त वाळवी जळला. वाळवी म्हणजे आमचा जुना प्रतिस्पर्धी. जुना कागद दिसला की तो आत शिरतो, म्हणून हे नाव. त्याने लगेच कळवलं, "माझ्याकडेही एक प्रत आहे, माझ्याही प्रतीत बाई आहे." असेल बापडी.

१३ मार्च

आज दुकानाला पाय लागले! दारात लांब काळी गाडी थांबली. एक गृहस्थ आत आले, पायपुसण्यावर बूट अगदी निगुतीने पुसून. आवाज असा मऊ की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. ते बाईसाहेबांचे सेक्रेटरी. बाईसाहेब म्हणजे त्याच, दीपगृहाच्या नायिका. त्यांना स्वतःवरचे जुने अंक जमवायची हौस आहे म्हणे. दीपगृहाच्या किती प्रती राहिल्यात, कोणाकडे आहेत, सगळं आस्थेने विचारत होते. मी वाळवीचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, त्याचं घर लाकडी जिन्यावरून वर आहे हेही सांगितलं. हातचं राखून बोलणं मला जमत नाही.

ही म्हणाली, "एवढी चौकशी कशाला करतात?"

हिला ना, कोणी 'कसे आहात' विचारलं तरी त्यात खोट दिसते.

१६ मार्च

बाईसाहेबांच्या घरी जाऊन आलो. काय ते रूप या वयातही! मान अशी ताठ, की आपण आपोआप कॉलर नीट करतो. स्वतःच्या हाताने कॉफी ओतली. मी अंक पुढे केला, तर त्यांनी मुखपृष्ठ पाहिलंच नाही, एकदम शेवटचं पान उघडलं. इतक्या वर्षांनंतरही पान पाठ! मला भरून आलं.

"हे कोणी काढलंय?" त्यांनी विचारलं.

"एक जुने कलाकार आहेत," मी म्हटलं. मामाची भिंत हे माझं गुपित ठेवायचं होतं.

"आहेत?" त्या म्हणाल्या. "अजून?"

अंक ठेवून जा म्हणाल्या. मी विनयाने सांगितलं की प्रदर्शन झाल्यावर देईन, आणि प्रदर्शनाची फीत आपण कापावी. त्या हसल्या. "तुम्ही म्हणाल तसं."

एक मात्र चमत्कारिक. जमवलेले अंक पाहू म्हटलं, तर कपाटं सगळी रिकामी. बाहेर पडताना बागेत एक लोखंडी शेगडी दिसली. माळी म्हणाला, बाईसाहेब स्वतः पालापाचोळा जाळतात. राखेत बारीक तारेच्या पिना होत्या, अंकाच्या पाठीला असतात तशा. जुनी बिलं जाळली असतील. अंक दुसऱ्या घरी असणार, त्यांचा डोंगरावर एक बंगलाही आहे.

२० मार्च

वाळवीच्या घराला आग लागली. जिना पेटला, सगळा संग्रह गेला, तो खिडकीतून उडी मारून वाचला. दोन्ही हात भाजलेत. हिच्याच वॉर्डात आहे.

वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू? मनात पहिला विचार आला तो हा की आता माझी प्रत एकटी राहिली. या धंद्याने माणूस असा होतो.

ही घरी आली ती खोचलेला पदर न सोडता समोर बसली. "आग लागली त्याच्या आदल्या दिवशी तुमचा सेक्रेटरी गेला होता त्यांच्याकडे. त्यांनी अंक द्यायला नकार दिला. आणि जिन्यावर रॉकेलचा वास होता म्हणतात."

"वाळवीच्या घरात स्टोव्ह, मेणबत्त्या आणि छतापर्यंत कागद. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ."

"कावळा कोणी पाठवला ते विचारतेय मी."

मग ती जेवलीच नाही. मीही अर्धवट उठलो. पत्ता मी दिला होता, हे तिने बोलून दाखवलं नाही याचाच जास्त राग आला.

२५ मार्च

सेक्रेटरींचा फोन. बाईसाहेबांच्या मनात तो कलाकार फार बसलाय. त्यांचा गौरव करायचाय, प्रदर्शनासाठी शहरातला मोठा हॉल त्यांच्या नावाने घ्यायचाय. आता गुपित कसलं ठेवतो! सांगितलं, तो माझा मामा. सेक्रेटरी म्हणाले, "वा. आणि ज्यावरून चित्र काढलं तो फोटो? राहिलाय का त्यांच्याकडे?" मी म्हटलं, "मामा सुतळीचा तोडाही टाकत नाही."

तडक मामाकडे गेलो. त्याने गादीखालून पाकीट काढलं. कंपनी बुडाली, फोटो परत न्यायला कोणी आलंच नाही. आणि खरंच, फोटोत बाईसाहेब आहेत! कठड्यावर वाकलेल्या, दोन्ही हात गाठीवर. माझा विरसच झाला. म्हणजे ती चूक नव्हतीच. आता पाटीवर काय लिहू?

"दोन प्रसंगांच्या मध्ये गंमत म्हणून उभ्या असतील," मी म्हटलं.

मामाने फोटोवर बोट ठेवलं. "खाली बघ. तो लोंबकळतोय. मधल्या सुट्टीत कोण लोंबकळतं?"

"म्हणजे तुला काय म्हणायचंय?"

"मला काही म्हणायचं नाही. दोघांचं फाटलं होतं असं तेव्हा लोक बोलत. मी काढलं तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. बातमी आली तेव्हा कळलं, आपण काय काढून बसलो ते."

"मग बोलला का नाहीस?"

"मला कोण विचारणार होतं? चौकटीतली माणसं काढणारा मी."

म्हाताऱ्या माणसांना एकटं राहून राहून असं काहीबाही सुचतं. मी गौरवाचं सांगितलं, तर तो सरळ नको म्हणाला.

२९ मार्च

चार दिवस पालथ्या घड्यावर पाणी. बाईसाहेब त्याला डोंगरावरच्या बंगल्यावर एक दिवस बोलावतात, गाडी पाठवतात, आणि हा खाटेवरून हलत नाही. आज मला रडूच आलं. म्हटलं, "मामा, तुझं नाव मोठं झालेलं मला एकदा बघायचंय रे. माझ्यासाठी तरी जा."

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, फोटोकडे बघायचा तसा. मग म्हणाला, "तुला एवढं वाटतंय तर जातो."

घोडं गंगेत न्हालं! आज हीही बरोबर आली होती, दाराआड उभी होती. तिने तिथून मामाला हाक मारली, "मामा, जाऊ नका." तो म्हणाला, "सूनबाई, याने लहानपणीही माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं."

संध्याकाळी तो तिला भेटायला इस्पितळात जाऊन आला. काय बोलले ते दोघंही सांगत नाहीत.

२ एप्रिल

गाडी आली. मामाला मी स्वतः दाढी करून दिली, कोट घातला. सेक्रेटरी म्हणाले, "ते पाकीट बरोबर घेतलंत ना?" मामाने कोटाच्या खिशावर हात मारला. मी पण बसत होतो, पण बाईसाहेबांना मामांशी निवांत बोलायचं होतं.

"तू नाही येत?" मामाने विचारलं.

"आज मान तुझा आहे."

मीच दार लावलं. त्याला गाडीचा पट्टा बांधता येत नव्हता, तोही मीच बांधला. सेक्रेटरी म्हणाले, "संध्याकाळपर्यंत परत सोडतो."

आता दिवे लागून गेले. रस्त्यात चहाला थांबले असतील. डोंगरातली वाट, वळणं फार.

३ एप्रिल

मामा गेला.

बंगल्याच्या गच्चीवरून पडला. बाईसाहेब फोनवर रडत होत्या. समोरचं दृश्य कागदावर काढायला म्हणून एकटाच वर गेला, कठड्यावरून तोल गेला. हिने हंबरडा फोडला आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्या खोलीत गेलो.

६ एप्रिल

सगळं बाईसाहेबांनीच केलं. डॉक्टर, कागदपत्रं, शेवटची व्यवस्था, मला कशालाही हात लावू दिला नाही. आपली माणसं करणार नाहीत एवढं केलं. मामाचा कोट आणि चष्मा घरपोच आला.

आज त्याची खोली आवरायला गेलो. काचेच्या टेबलावर पेन्सिलींचा डबा होता तसा. त्याच्या चार पेन्सिली, चाकूने तासलेल्या, चारही जागेवर. चित्रांची वहीही तिथेच. या पेन्सिलींशिवाय मामा रेघ ओढत नसे, माझ्या लग्नातही डबा खिशात होता.

मग गच्चीवर तो कशाने काढत होता?

कोणी दिली असेल पेन्सिल. पाहुण्याला कोणीही देतं.

८ एप्रिल

सेक्रेटरींचा फोन. मामांच्या खिशातल्या पाकिटात कोरा कागद निघाला म्हणे. "दुसरं एखादं पाकीट घरात राहिलंय का? बाईसाहेबांना आठवण म्हणून हवंय." मी म्हटलं, शोधतो. उद्या अकरा वाजता ते गाडी पाठवतायत. अंक घेऊन मी बंगल्यावर जायचं, हॉलचंही तिथेच ठरवायचं. हॉलवर मामाचं नाव लागणार.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "पाकीट माझ्याकडे आहे. मामांनी त्या संध्याकाळी मला आणून दिलं. म्हणाले, सूनबाई, मी परत आलो तर मला दे, नाही आलो तर दाखवायचं तिथे दाखव."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

उद्या सकाळी ती वाळवीला बरोबर घेऊन पोलिसात जाणार आहे. वाळवीचे हात अजून बांधलेले, पण तो यायला तयार आहे. निजताना माझं मनगट धरून म्हणाली, "मी येईपर्यंत त्या गाडीत बसू नका. माझी शपथ आहे तुम्हाला."

९ एप्रिल

ही उजाडताच गेली. मी अंक काढून बसलोय. ती चौकट पुन्हा पाहिली, भिंगाशिवाय. बोटं कशी वळली आहेत ते मामाने इतकं नेमकं काढलंय की लहान मुलालाही कळेल. ती गाठ बांधत नाहीये.

मामाचा हात चुकत नाही, हे आयुष्यभर मीच सगळ्यांना सांगत आलो.

पण ही म्हणते ते खरं असेल, तर वाळवीचा पत्ता मी दिला. मामाला रडून मी तयार केला. त्याचा पट्टा मी बांधला. 'तू नाही येत?' असं तो विचारत होता तेव्हा मी बाहेरून दार लावत होतो. हे माझ्याने सोसवणार नाही. तेव्हा ते खरं नाही. म्हातारा माणूस होता, उंचावर गेला, तोल गेला. उद्या हॉलवर त्याचं नाव हातभर अक्षरांत लागेल आणि सगळे बघतील. नाहीतर तो कशासाठी गेला?

खाली हॉर्न वाजला. अकराला अजून अवकाश आहे, आधीच आले. ही काही आली नाही. खिडकीतून पाहिलं, सेक्रेटरी पायपुसण्यावर बूट पुसतायत. मी वरूनच सांगितलं, आलोच.

हिची शपथ आहे, पण दारात आलेल्या माणसाला काय सांगू? बायको पोलिसात गेलीय म्हणून थांबा? बाईसाहेबांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. अंक पिशवीत घातला आहे. मामाचा पेन्सिलींचा डबाही घेतलाय, हॉलमध्ये काचेखाली ठेवता येईल. किल्ली शेजारी देतो. हिच्यासाठी चिठ्ठी लिहीत नाही, ही वही टेबलावर उघडीच ठेवतो, तिला कळेल.

संध्याकाळपर्यंत परत सोडतो, असं ते म्हणाले आहेत.